निर्यातबंदीची झळ घरातल्या पोरांनाही

वर कोणीतरी लिहिलंय की कांद्याची निर्यात बंद केली की भाव उतरतात आणि सामान्य कुटुंबाला दिलासा मिळतो. शहरापुरतं मान्य, पण कांदा पिकवणाराही कुटुंबवालाच आहे ना. आणि बंदी कोणत्या महिन्यात येते हे फार महत्त्वाचं आहे, ते इथे कोणी बोललंच नाही. उन्हाळ्यात निघणारा उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत चार-पाच महिने टिकतो, भाव पडला तर थांबता येतं, पण हिवाळ्यात निघणारा लाल कांदा टिकतच नाही, काढला की विकावाच लागतो. आणि २०२३ ची बंदी आली ८ डिसेंबरला, ऐन लाल कांद्याच्या हंगामात!

माझी मावशी नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे असते, त्यांचा कांदा तेव्हा नुकताच काढून झाला होता, ट्रॅक्टर भरून मार्केटला नेला आणि मिळालेल्या पैशात मजुरी अन् भाडं जेमतेम निघालं. त्या वर्षी मावसबहिणीची नर्सिंगची अ‍ॅडमिशन राहिली, मावशीच्या बांगड्या गावच्या सोसायटीच्या पीककर्जाच्या हप्त्यासाठी गहाण गेल्या. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही निर्यातीवर ४० टक्के शुल्क ठेवून, तोवर लाल कांदा कधीच विकून झाला होता. भाव पाडायचाच असेल तर निदान शेतकऱ्याला पडलेल्या भावातल्या फरकाची रक्कम तरी द्या, ग्राहकाच्या सवलतीचा खर्च एकट्या मावशीने का सोसायचा?