चर्चा: हिस्पॅनिक मुलांसाठीचे कौटुंबिक कार्यक्रम ऑनलाइन नेले, हे बरं झालं का?

रानजाई

मी मायामीत मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. मायामी-डेड काउंटीत दोन तृतीयांशाहून जास्त लोक हिस्पॅनिक, म्हणजे मूळचे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले, त्यामुळे आमच्याकडे येणारी बहुतेक घरं स्पॅनिश बोलणारीच. मागच्या महिन्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई आले होते. त्या दिवशीच्या डॉक्टरांना स्पॅनिश येत नव्हतं. मुलाकडून भाषांतर करून घ्यायचं नसतं, पण दुभाषी फोनवर येईपर्यंत तोच मध्ये बोलत होता. डॉक्टरांनी विचारलं, "व्हेप (ई-सिगारेट) ओढतोस का?" त्याने आईकडे वळून स्पॅनिशमध्ये सांगितलं, "झोप नीट लागते का, विचारतायत." आई कौतुकाने म्हणाली, "हो हो, छान झोपतो." मला कामापुरतं स्पॅनिश येतं म्हणून कळलं. दुभाषी आल्यावर मी तो प्रश्न पुन्हा विचारायला लावला. तेव्हाचा त्या बाईंचा चेहरा मला विसरता येत नाही.

मायामी विद्यापीठात तयार झालेला 'फामिलिआस उनिदास' हा कार्यक्रम नेमका या दुखण्यावर आहे. नावाचा अर्थ एकवटलेली कुटुंबं. मुलं वर्ष-दोन वर्षांत फाडफाड इंग्रजी बोलतात, आईवडील मागे राहतात, आणि घरातलं वजन मुलाकडे सरकतं. म्हणून हा कार्यक्रम मुलांना उपदेश करत बसत नाही, आधी आईवडिलांना हाताशी धरतो. मूळ रचनेत पालकांच्या ८ गटबैठका आणि मुलासह ४ कौटुंबिक भेटी होत्या. ऑनलाइन रूपात गटबैठकांच्या जागी रेकॉर्ड केलेली चर्चा आणि एका कुटुंबाची, टेलिनोव्हेलासारखी (स्पॅनिश टीव्हीवरच्या घरगुती मालिकांसारखी) मालिका आली. ४ भेटी मात्र व्हिडिओवर, पण जिवंत माणसासोबतच होतात. २३० कुटुंबांवरच्या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये आले. आठवीतली मुलं होती. अमली पदार्थ, डॉक्टरांनी न दिलेल्या गोळ्या आणि सिगारेट यांचं प्रमाण हा कार्यक्रम न मिळालेल्या गटापेक्षा कमी राहिलं, घरातले संबंधही सुधारले.

माझं मत स्पष्ट आहे: ऑनलाइन नेलं ते योग्यच झालं.

भीमाकाठ

ताई, असहमत. मी ह्यूस्टनला शाळेत गणित शिकवतो, वर्गात निम्म्याहून जास्त मुलं याच घरांतली.

पहिली गोष्ट, त्याच चाचणीत दारू आणि कंडोमविना संबंध या दोन्हींत फरक दिसला नव्हता. ते तुम्ही लिहिलं नाही. ज्या दोन गोष्टींनी मुलांचं आयुष्य सगळ्यात जास्त उलटंपालटं होतं, त्याच राहिल्या.

दुसरी गोष्ट घराची. माझा एक विद्यार्थी बाथरूममध्ये, बंद कमोडवर बसून गृहपाठ करतो, कारण दार बंद होणारी तेवढीच खोली आहे. अशा घरात आई लेकाशी शरीरसंबंधांबद्दल व्हिडिओवर कुठे बसून बोलणार? स्वयंपाकघरात, दीर आणि सासूच्या समोर? हॉलमधल्या बैठकीत बायका संपल्यावरही अर्धा तास रेंगाळतात. कुणाचा मुलगा कुणाबरोबर फिरतो, हे तिथेच कळतं. ती ओळख हेच खरं औषध आहे आणि ते रेकॉर्डिंगमध्ये भरता येत नाही.

रानजाई

दारू आणि कंडोमचं तुम्ही म्हणता ते खरं. मी ते लिहायला हवं होतं, चूक झाली.

पण दादा, हॉलमध्ये रेंगाळणाऱ्या बायका तुम्हाला दिसतात, न आलेल्या दिसत नाहीत. आमच्याकडची एक आई दुपारी तीन ते रात्री अकरा हॉटेलच्या खोल्या झाडते, नवरा छपरांच्या कामावर. तिने त्या मालिकेचे भाग हॉटेलच्या लाँड्रीत, सुट्टीच्या वेळी, एका कानात इयरफोन घालून पाहिले. दुसरा कान मुकादमासाठी मोकळा. मला म्हणाली, "त्या गोष्टीतली आई ओरडते तशीच मी ओरडते." संध्याकाळी सहाच्या बैठकीला ती जन्मात गेली नसती.

कोजागिरी

मी आकडेवारीत काम करते, म्हणून वेगळा मुद्दा. हिस्पॅनिक किशोरींमधला जन्मदर १९९१ मध्ये हजारी शंभराच्या वर होता, आता पंचविसाच्या खाली आहे. एवढी घसरण कुठल्याही एका कार्यक्रमाने आणलेली नाही. गर्भनिरोधक मिळणं, मुली शाळेत टिकणं, यांचा त्यात मोठा वाटा आहे. आईवडील नीट बोलत नाहीत म्हणून मुलं बिघडतात, असा सूर लागला की सगळा भार आधीच वाकलेल्या माणसांवर पडतो, आणि मला ते खुपतं.

आणि 'हिस्पॅनिक' म्हणजे कोण? फ्लोरिडातच इंडियनटाउन, लेक वर्थ इथे ग्वातेमालाचे मूळनिवासी माया लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांची मातृभाषा स्पॅनिश नाहीच. स्पॅनिश बोलणारं घर डोळ्यासमोर ठेवून केलेली मालिका त्यांना परकीच वाटणार.

अबोली_७४

स्थलांतरितांच्या धरपकडीच्या भीतीने लोक चर्चच्या हॉलमध्येही जायला कचरतात, हे मी न्यू जर्सीत शेजारीच पाहते. त्यांना घरबसल्या काही मिळत असेल तर मिळू दे.

भीमाकाठ

अबोलीताई, तीच भीती नाव-पत्ता ऑनलाइन भरतानाही असते. माझ्या वर्गातल्या पालकांना शाळेचा साधा फॉर्म भरतानासुद्धा "हे कुठे जाणार?" असं वाटतं. समोर ओळखीचं माणूस असेल तरच ते सही करतात.

तरी लाँड्रीतल्या बाईंपुढे माझा हट्ट टिकत नाही. भाग तिने हवे तेव्हा पाहावेत. पण चारपैकी पहिली भेट समोरासमोर करा, कुठेही, तुमच्या दवाखान्यातही चालेल. पुढच्या तीन व्हिडिओवर. एकदा डोळ्यात बघितलेल्या माणसाशी पडद्यावर बोलता येतं. कोजागिरी म्हणतात त्या माया घरांसाठी तर त्यांची भाषा बोलणारं माणूसच शोधावं लागेल.

रानजाई

पहिली भेट दवाखान्यात, हे मी आमच्या प्रमुखांपुढे मांडते. खर्च म्हणतील, तरी मांडते.

त्या व्हेपवाल्या मुलाची आई येत्या गुरुवारी परत येणार आहे. या वेळी दुभाषी पूर्ण तासासाठी ठरवून ठेवला आहे आणि मुलाला थोडा वेळ बाहेर बसवणार आहोत. तिला कार्यक्रमात नाव घालायला सांगायचं आहे. अडचण अशी की तिच्या कागदावर जो मोबाइल नंबर आहे तो त्या मुलाचा आहे, घरात इंटरनेट चालणारा फोन तेवढाच. लिंक आधी त्याच्याच हातात पडणार. कुणी असं काही हाताळलं असेल तर गुरुवारच्या आत सांगा.