अमेरिकेतले लॅटिनो सगळे सारखेच असतात का? सेमिनारसाठी मदत पाहिजे

दिग्रसची_मुलगी: नमस्कार, मी एमए समाजशास्त्राला आहे, सेमिनारला अमेरिकेतले लॅटिनो, म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेतले, स्थलांतरित हा विषय आलाय. जे वाचायला मिळालं त्यात सगळे एकाच साच्यातले, बॉर्डर ओलांडून आले, मजुरी करतात, स्पॅनिश बोलतात, झालं. मला हे पटूनच नाही राहिलं, 2020 च्या जनगणनेत 6 कोटी 21 लाख लोक आहेत, ते एकसारखे कसे असतील? सुरुवात कुठून करू?

वऱ्हाडी_मास्तर: ताई, कागदापासून सुरुवात करा, कोणाजवळ कोणता कागद हाय त्यावर लय काही ठरते. पोर्तो रिको हे अमेरिकेच्याच ताब्यातलं बेट, तिथले लोक 1917 पासून अमेरिकेचे नागरिकच हायेत, व्हिसा-बिसा काही नाही, विमानात बसले न न्यूयॉर्कले उतरले. क्युबावाल्यायसाठी 1966 मध्ये खास कायदा केला, कास्त्रोच्या कम्युनिस्ट राज्यातून पळून आलेले म्हणून ग्रीन कार्डाची वाट मोकळी. आता एल साल्वादोर पाहा. 1980 ते 1992 तिथं यादवी चालली, लोक लेकरंबाळं घेऊन पळाले, पण तिथल्या सरकारच्या पाठीशी अमेरिकाच उभी होती, म्हणून त्यायचे आश्रयाचे अर्ज बहुतेक फेटाळले गेले. जीव वाचवाले दोघंही आले न एकाले कार्ड भेटलं, दुसरा लपून राहिला. हे ठासून मांडा. आन न्यू मेक्सिकोतली जुनी घराणी तर कुठून आलीच नाहीत, 1848 च्या तहात तो मुलूखच मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला.

कापूसवाला_वणी: मास्तर, शेतमजुरायले विसरू नका. 1942 ते 1964 ब्रासेरो योजनेत मेक्सिकोतून करारावर माणसं आणली, अन् मळेवाले संप मोडाले त्यायलेच वापरत. म्हणून शेतमजुरायचा पुढारी सेझार चावेझ यानं त्या योजनेले विरोध केला, तो स्वतः मेक्सिकन घरातला पण जन्म अॅरिझोनाचा, म्हणजे नागरिक. एकाच वावरात नागरिक मजूर अन् करारावरचा मजूर, भाषा एक अन् हित वेगळं. कॅलिफोर्नियात सलाद पत्त्याच्या वावरात फूटभर दांड्याची कुदळ देत, दिवसभर कंबरेत वाकून काम, जो सरळ झाला तो मुकादमाले दुरूनच दिसे. पाठी कामातून गेल्या लोकायच्या. 1975 ले ती कुदळ बंद झाली. अन् 1965 चा द्राक्षमळ्यातला संप आधी फिलिपिनो मजुरायनं सुरू केला, हे नक्की सांगा, त्यायचं नावच कोणी घेत नाही.

धारणीचा_पोरगा: ग्वाटेमालातून येणाऱ्यायमध्ये माया आदिवासी भरपूर आहेत, त्यांची बोली माम, किचे वगैरे, काहींना स्पॅनिश धड येत नाही. आमचे कोरकू लोक कापूस वेचायला खाली जातात तर मुकादम हिंदीत हिशोब सांगतो, म्हातारी माणसं नुसती मान हलवतात, अगदी तसंच. तिकडं इमिग्रेशन कोर्टात स्पॅनिश दुभाषी दिला तरी बाईला आपलं म्हणणं मांडता येत नाही, अन् तिथं बोलण्यावरच तर सगळं ठरते.

दिग्रसची_मुलगी: धारणीचे दादा, हे तर मी कुठंच वाचलं नव्हतं. सेमिनारचा अर्धा वेळ यालाच देते. मास्तर, 1966 च्या कायद्याबद्दल अजून विचारायचं आहे, संध्याकाळी लिहिते, आत्ता लाईट जायची वेळ झाली.