झेब्रा फिंच भलतंच गातोय, मदत हवी आहे (तातडीने)

पंखवेडा: माझा पाळलेला झेब्रा फिंच पक्षी नीट गात नाही. काहीतरी भलतंच पुटपुटतो. झेब्राचं रेकॉर्डिंग लावून झालं, ढिम्म. उपाय सांगा.

राघूमैना: वय काय? नर की मादी? झेब्राची मादी गात नाही.

पंखवेडा: गातोय म्हटलं ना, मग नरच असणार. गालावर केशरी ठिपके आलेत. दोन महिन्यांचा आहे. उपाय?

दाणापाणी: मोड आलेलं धान्य द्या, पिंजऱ्यात कटलबोन (कटलफिशचं हाड) अडकवा. गळा मोकळा होतो.

सिरिंक्स: दाण्याने गाणं येत नाही हो. ते ऐकूनच शिकावं लागतं. झेब्राचं पिल्लू साधारण २५ ते ६५ दिवसांचं असताना बापाचं गाणं डोक्यात साठवतं, आणि मधूनच पुटपुटत आपला आवाज त्याच्याशी जुळवायला लागतं. ९० दिवसांच्या आसपास गाणं पक्कं होतं. त्यात स्वतःचा आवाज ऐकू येणंही लागतं. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोला गायला लागण्याआधीच बहिरं केलं तर गाणं जमतच नाही, हे कोनिशी या शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवलं. रेकॉर्डिंगचं म्हणाल, तर झेब्रा नुसत्या स्पीकरवरून फारसं उचलत नाही, समोर गाणारा नर लागतो. याचा बाप कुठे आहे?

पंखवेडा: बाप कशाला? बेंगालीज फिंच या दुसऱ्या जातीच्या जोडीखाली वाढवलाय. सगळेच वाढवतात.

सिरिंक्स: हे आधी सांगायचं! इमेलमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हेच करून पाहिलं होतं. बेंगालीजने वाढवलेले झेब्रा पाळणाऱ्या बापाचं गाणं गायले. तुमचा नीटच गातोय, फक्त बेंगालीजचं.

काकस्पर्श: काहीही. मग कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढून काव काव का करत नाही?

सिरिंक्स: कारण कोकिळाचं गाणं उपजत असतं. पक्ष्यांत गाणं शिकणारे मुख्य गट तीन: सॉन्गबर्ड (फिंच, चिमण्या वगैरे), पोपट आणि हमिंगबर्ड. तिघांत ही कला वेगवेगळी उपजली.

राघूमैना: इतकं ठासून नका सांगू. पोपट आणि सॉन्गबर्ड जवळचे नातलग आहेत. दोघांच्या पूर्वजात एकदाच आली आणि मधल्या फांद्यांत गेली, असंही असू शकतं. फिबी हा अशाच मधल्या फांदीवरचा पक्षी; तो शिकत नाही, तरी त्याच्या मेंदूत गाण्याच्या केंद्रासारखा भाग सापडलाय.

सिरिंक्स: पण फिबी बहिरा केला तरी नीट गातो. त्या भागावरून आधी शिकत होता असं कसं म्हणता?

पंखवेडा: उत्क्रांती तुमच्या धाग्यावर करा. मी काय करू?

राघूमैना: बेंगालीजपासून हलवा आणि गाणाऱ्या प्रौढ झेब्रा नराजवळ ठेवा. आजच. सगळं पुसलं जाणार नाही, पण गाणं पक्कं व्हायच्या आत थोडं उचलेल.

दाणापाणी: कटलबोन मात्र ठेवाच.

पिवळाधमक: इथेच विचारतो. माझा कॅनरी गेल्या मोसमातलं गाणं सोडून नवीनच काही जुळवतोय. त्यालाही बेंगालीज भोवला का?

सिरिंक्स: कॅनरी मोठेपणीही गाण्यात भर घालतो, बदल करतो. तसाच असतो तो. नवीन धागा काढा.