माकडं कोण वाढवतं? बिबट्या की आपली बाग?

खाडीकाठचा:
माकडं वाढली की आपल्याकडे एकच उत्तर: "बिबटे कमी झाले." मला पटत नाही, ती वाढतात बागेतल्या आयत्या खाण्यावर. रानहंसांचं बघा. (आपल्या किनाऱ्यावर ते क्वचितच. पट्टकादंब नावाचे रानहंस बघायचे तर घाट चढून उजनी धरण गाठावं लागतं.) उत्तर अमेरिकेतले हिमहंस पूर्वी हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या दलदलीत कंद उकरून खायचे. पुढे भात-मक्याची शेती पसरली, कापणीनंतर सांडलेलं धान्य आयतं मिळू लागलं आणि हिवाळ्यात मरायचे ते पक्षी जगू लागले. उन्हाळ्यात ते उत्तरेकडे अंडी घालतात, तिथले कोल्हे होते तसेच होते! तरी हंस इतके वाढले की कॅनडातल्या हडसन उपसागराकाठची खारी कुरणं त्यांनी मुळासकट उपटली, नुसता चिखल उरला. १९९९ मध्ये अमेरिकेला त्यांच्या शिकारीचे नियम सैल करावे लागले. आधी खाणं, शिकारी मागाहून.

सड्यावरची:
दादा, सोयीचा हंस निवडलात. अलास्काच्या अल्यूशन बेटांवर केसाळ कातडी विकणाऱ्या फरवाल्यांनी कोल्हे नेऊन सोडले. तिथल्या हंसांची घरटी जमिनीवर, अंडी-पिल्लं फस्त. संपलेच म्हणेपर्यंत १९६२ मध्ये बुलदिर बेटावर थोडे सापडले, कारण तिथे कोल्हे सोडलेच नव्हते. बाकी बेटांवरचे कोल्हे काढत गेले. १९७५ मध्ये जेमतेम ८०० असलेले हंस २००१ पर्यंत ३० हजारांवर गेले. बेटांवरचं गवत तेच होतं हो.

खाडीकाठचा:
त्याच काळात त्यांच्या हिवाळी मुक्कामावर बंदुकीलाही बंदी आली होती, ते गाळलंत.

सड्यावरची:
मग बंदूकवाला शिकारी नव्हे तर कोण? माझ्याच बाजूचा मुद्दा दिलात.

कलमवाला:
दोघंही कोल्ह्याचं पोट विसरलात. सैबेरियातल्या तैमिरमध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी दर तीनेक वर्षांनी बेसुमार वाढतात. त्या वर्षी कोल्हे त्यांच्यावरच ताव मारतात, ब्रेंट हंसांची पिल्लं निभावतात. लेमिंग कोसळले की तेच कोल्हे अंड्यांवर येतात. म्हणजे हंसाचं नशीब लेमिंगच्या हाती. आमच्या वाडीत बिबट्या आहे, पण तो कुत्री उचलतो. आयतं कुत्रं असताना माकडामागे झाडावर कशाला चढेल?

खाडीकाठचा:
हे मात्र मानलं. पण उकिरडा झाकला, कुत्री कमी झाली, तर बिबट्या माकडांकडे वळेल की गोठ्याकडे?

सड्यावरची:
गोठ्याकडे. माझं वासरू गेलंय, म्हणून सांगते.

नारळवाला:
तुमचा सगळा खरा हा, पण माझ्या नारळांचा काय?