आईच्या पायाला सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग): ताप गेला, सूज उतरत नाही

भातखाचर:
लावणीत आईच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. त्यातून उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड 625 दिलंय, आज चौथा दिवस. ताप उतरलाय, पण सूज तशीच आहे आणि उभी राहिली की पाय जांभळट दिसतो. जांघेत अवधाण (गाठ) आलंय. गोळ्या लागू पडत नाहीत का? शुगर नाही, बीपी आहे.

निशिगंध:
ताप उतरला म्हणजे बहुतेक लागू पडताहेत. जंतू मरताना दाह थोडा वाढतो, म्हणून पहिले एक-दोन दिवस लाली पसरल्यासारखी दिसते. सूज पूर्ण जायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, वरची कातडीही सोलते. गोळ्या मात्र मध्येच सोडू नका.

उभं राहिल्यावर रक्त खाली साचतं, तो रंग धरू नका. पाय दहा मिनिटं वर ठेवून मग लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा, शेजारी तारीख-वेळ लिहा. उद्या तसंच बघा. लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अवधाण उशिरा जिरतं. चोळू नका, लेप नको.

पाय वर म्हणजे स्टुलावर नव्हे! आडवं झोपून घोटा छातीपेक्षा वर हवा. उश्या पोटरीखाली, टाच मोकळी. रात्री उश्या सरकतात, त्यापेक्षा पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली एकेक वीट द्या. (आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर हे करू नका.) दर तासाला घोटा दहा-वीस वेळा वर-खाली करायचा.

आणि बीपीची गोळी कोणती? अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, बहुधा दोन्ही. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरं. डायक्लोफेनॅकने बीपी वाढतं.

सह्यकडा:
वर ठेवूनही काळे-जांभळे डाग राहिले, पाण्याचे फोड आले, दिसतंय त्याच्या मानाने कळा फार असल्या किंवा त्या असंबद्ध बोलू लागल्या, तर सकाळची वाट न बघता मोठं हॉस्पिटल. पोटरी टणक होऊन दुखत असेल तर डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घ्या, शिरेत गुठळी नाही ना ते कळतं.

मृगधारा:
सगळे पायाकडे बघतात, बेचक्यांकडे कोणी बघत नाही. जंतू शिरले ते तिथल्या भेगेतून, आणि भेग पाडली बुरशीने. अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. पाय धुऊन सुती फडक्याचं टोक प्रत्येक बेचक्यातून फिरवा, कोरडं झालं की क्लोट्रिमॅझोल 1% क्रीम दोनदा, पातळ. चिखल्या बऱ्या दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल (स्टेरॉइड) लिहिलं असेल तर ती नको, खाज थांबते आणि बुरशी पसरते. तेल, व्हॅसलीन टाचेला लावा, बेचक्यांत नाही.

भातखाचर:
रेघ मारली. अ‍ॅम्लोडिपिनच आहे, उद्या विचारतो. चिखलात परत कधी उतरू द्यायचं?

मृगधारा:
बेचक्यांतली कातडी सांधली आणि सकाळची सूज गेली की. गमबूट घालायला द्या, पण दोन जोड हवेत. आतून ओला बूट दुसऱ्या दिवशी घातला तर चिखल्या हमखास. वर्षात दोन-तीनदा हेच उलटलं तर पेनिसिलिन दीर्घकाळ घ्यायचं का, ते डॉक्टरांना विचारा. प्रत्येक खेपेला लसिकावाहिन्या (पायातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) खराब होत जातात आणि मग सूज कायमची राहते.