मदत हवी आहे: विमानाचं नाक जड येतंय आणि इंजिन २००० आरपीएमच्या आसपास थरथरतंय

नमस्कार मंडळी,

आराखड्यावरून एकआसनी विमान बांधतोय. पंख खाली, एक चाक शेपटीला, सांगाडा लाकडी. बांधकाम संपलंय, इंजिन चढलंय, जमिनीवर चालवूनही झालंय. आता दोन ठिकाणी अडलोय. दोन्ही गोष्टी इंजिनाशी जोडलेल्या आहेत म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

मूळ आराखडा हलक्या टू-स्ट्रोक इंजिनाचा आहे. मी त्यावर फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावरून तयार केलेलं १८३५ सीसीचं इंजिन बसवलंय. गिअरबॉक्स नाही, प्रॉप (प्रोपेलर) थेट क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर). सगळी जोडणी धरून ७५ किलो. आराखडा देणाऱ्याने ८० किलोपर्यंतच्या इंजिनाला मान्यता दिली आहे, त्यामुळे माउंट (इंजिन धरणारी चौकट) आणि फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली भिंत) यांच्या मजबुतीची काळजी नाही. सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मात्र ज्याचा त्याने जुळवायचा आहे.

तीन काट्यांवर तोललं. डावं चाक १२८, उजवं १३१, शेपटी ९ किलो (टेकूचं वजन वजा करून). पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजलं तर मुख्य चाकं ४० मिमी मागे, शेपटीचं चाक ४२४० मिमी मागे. म्हणजे रिकामं विमान २६८ किलो आणि सीजी १८१ मिमीवर. त्यात ७५ किलोचा चालक (५२० मिमी मागे) आणि भरलेली टाकी (२९ किलो, कडेच्या १०० मिमी पुढे) धरली की सीजी २२७ वर येतो. परवानगी २५० ते ४०० ची आहे.

दुसरी गोष्ट थरथरीची. आयडलला इंजिन छान चालतं. १९०० पासून हादरे सुरू होतात आणि २०५० च्या आसपास पॅनलवरचे काटे वाचता येत नाहीत इतकं हलतं. पुढे कमी होतं, पण २९०० ला आसनातून बारीक झिणझिण्या येत राहतात. लाकडी, दोन पात्यांचा १५०० मिमी व्यासाचा प्रॉप आहे. उसना व्हायब्रेशन अ‍ॅनलायझर लावून पाहिला, २९०० ला ०.६२ आयपीएस (इंच प्रति सेकंद) दाखवतोय आणि जवळजवळ सगळं वन-पर-रेव्हला.

शेपटीत शिसं टाकू का? इंजिन उघडून क्रँक बॅलन्स करून घ्यावी लागेल का? की आधी माउंटचे रबर बदलून मऊ घालू? कुणी या वाटेने गेलं असेल तर क्रम सांगा.

प्रतिसाद १

आधी एक खात्री. तोलताना विमान उड्डाणाच्या पातळीत होतं ना? शेपटी खाली ठेवून तोललं तर वजन मागे कलतं, शेपटीचा काटा जास्त दाखवतो आणि अंतरंही बदलतात. मग पुढचं सगळं गणित फुकट.

धागाकर्ता

हो. शेपटी टेकूवर उचलून, कॉकपिटच्या कडेवर पाणसळ ठेवून पातळीत आणलं होतं. पुढच्या कडेपासून आणि चाकांच्या आसापासून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि त्या खुणांमधली अंतरं मोजली.

प्रतिसाद २

मग आकडे विश्वासाचे आहेत. एकूण ३७२ किलो, मोमेंट (प्रत्येक वजन गुणिले त्याचं अंतर, यांची बेरीज) ८४,६२० किलो-मिमी, भागिले की २२७. गणित बरोबर. पण ७५ किलोचा चालक ही तुमची सगळ्यात वाईट स्थिती नव्हे. भरलेली टाकी आणि ६० किलोचा चालक धरून पाहा, सीजी २१५ वर येतो. दुरुस्ती या आकड्यावर करायची.

शिसं टाकायचं तर शेपटीच्या चाकापाशी ३.१ किलो लागेल. थोडं वाटतं आणि काम पटकन होतं, म्हणून सगळे तिकडेच वळतात. मी मात्र तो शेवटचा उपाय मानतो. ते वजन कायम वाहून न्यावं लागतं. शिवाय जड नाक आणि जड शेपूट अशी दोन टोकांना वजनं असलेलं विमान एकदा गरगरू लागलं की थांबायला वेळ घेतं. स्पिनमध्ये हा फरक जीवावर बेततो.

माउंट आखूड करायचा विचार आला असेल तर त्याचंही गणित करा. इंजिन १०० मिमी मागे घेतलं तर ७५ गुणिले १००, म्हणजे ७५०० किलो-मिमी मिळतात. तुम्हाला लागतात सुमारे १२,४००. त्यासाठी १६५ मिमी मागे जावं लागेल, आणि इंजिनामागे मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) आणि फायरवॉल यांच्यात हात घालायलाही जागा उरणार नाही.

बॅटरी कुठे आहे आणि किती किलोची?

धागाकर्ता

फायरवॉलवर पुढच्या बाजूला. ८ किलो. कडेच्या ६५० मिमी पुढे येते.

प्रतिसाद २

तीच हलवा! आसनामागे ११०० मिमीवर नेली तर १७५० मिमीचा प्रवास, म्हणजे १४,००० किलो-मिमी. ६० किलोचा चालक: २५४. ७५ किलोचा: २६५. एक ग्रॅम शिसं न टाकता आत आलात, आणि मागे जाणारी जाड केबल थोडी आणखी मदतच करेल. आता दुसरं टोक तपासा, कारण मागचा सीजी पुढच्यापेक्षा जास्त घातक. ९५ किलोचा चालक, टाकी रिकामी, आसनामागे १००० मिमीवर १० किलो सामान: ३२७. मर्यादा ४००. तुमची टाकी पुढे असल्यामुळे पेट्रोल संपताना सीजी मागे सरकतो, म्हणून उतरतानाची स्थिती तपासायची, निघतानाची नव्हे.

बॅटरी आसनामागे गेली की तिचा ट्रे सांगाड्याला बोल्टने धरलेला हवा, पट्ट्यावर भागवू नका. आपटताना ९ जी धरलं तरी ८ किलोचे ७२ किलो होतात आणि ते चालकाच्या पाठीवर येतात. मास्टर रिले (मुख्य स्विचने बॅटरी तोडणारा) बॅटरीच्या शेजारीच लावा, म्हणजे मास्टर बंद केला की पूर्ण लांबीची केबल मरते.

प्रतिसाद ३

यात एक जोड. इंजिन रबरवर बसलंय, म्हणजे ते सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं आहे. इंजिन ते माउंट अशी जाड, वेणीदार अर्थिंग पट्टी हवीच, आणि सांगाडा लाकडी असल्यामुळे बॅटरीची निगेटिव्ह केबलही थेट तिथपर्यंत आणावी लागेल. नाहीतर स्टार्टरचा करंट थ्रॉटल केबलमधून वाट काढतो आणि केबल आतून जळते.

डाव्या-उजव्या चाकात ३ किलोचा फरक आहे, त्याची चिंता नको. राइट बंधूंनी १९०३ च्या फ्लायरवर इंजिन मध्यरेषेच्या उजवीकडे आणि चालक डावीकडे ठेवला होता. इंजिन चालकापेक्षा जड म्हणून त्यांनी उजवा पंख डाव्यापेक्षा ४ इंच लांब केला. मला ही गोष्ट फार आवडते, इंजिन बसवणं आणि विमान तोलणं हे तेव्हापासून एकच काम आहे.

प्रतिसाद ४

थरथरीबद्दल लिहितो. थोडं लांब होईल.

रबर आत्ता बदलू नका. मऊ रबराने हादऱ्याची जागा २०५० वरून खाली सरकेल, हादरा तयार होणं थांबणार नाही. वर इंजिन खाली बसेल आणि स्पिनर (प्रॉपच्या मधोमध असलेली टोपी) काउलिंगला (इंजिनावरच्या आवरणाला) घासेल. क्रँकलाही आत्ता हात लावू नका. कारण कुठे आहे ते इंजिन न उघडता, प्रॉप फारतर एकदा फिरवून, कळतं.

वन-पर-रेव्ह म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला एक हादरा. प्रॉप, हब (प्रॉप ज्यावर बोल्टने बसतो तो भाग), स्पिनर किंवा क्रँक यांपैकी काहीतरी एका बाजूला जड आहे किंवा एका बाजूला जास्त ओढतंय. एखादा सिलिंडर कमजोर असता तर दोन फेऱ्यांना एक हादरा दिसला असता, कारण फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. चार सिलिंडरचा पेटण्याचा ठोका फेऱ्याला दोन येतो, तो राहणारच. तुमचा आकडा वन-पर-रेव्हला आहे म्हणजे इंजिनाच्या पोटात शिरायचं कारण अजून नाही.

०.६२ आयपीएस म्हणजे सेकंदाला साधारण १६ मिमी. ०.०७ च्या खाली उत्तम मानतात, ०.२ च्या वर काम काढावंच, आणि १ च्या वर असेल तर इंजिन चालवू नये. त्यामागे किती कमी वजन असू शकतं ते पाहा: १५ सेमी त्रिज्येवर १० ग्रॅमचा फरक २९०० आरपीएमला १४ किलोच्या जोराने हबला ओढतो. पात्याच्या टोकाशी १ ग्रॅमचे ७ किलो होतात.

आधी ट्रॅक तपासा, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का ते. मॅग्नेटो बंद, चाकांना अडसर, प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढलेला. मॅग्नेटोची अर्थची वायर तुटली असेल तर स्विच बंद असूनही प्रॉप फिरवताच इंजिन पेट घेऊ शकतं. पात्याच्या टोकाजवळ एक ठोकळा घट्ट ठेवा, एका पात्याची कड जिथे येते तिथे खूण करा, दुसरं पातं तिथे आणा. फरक किती येतो ते इथे लिहा. लाकडी प्रॉपला १.५ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर वजन लावून उपयोग नाही: एका आरपीएमला आकडा खाली येईल, दुसऱ्याला पुन्हा वर.

बोल्टही तपासा. लाकूड कोरड्या हवेत आकसतं आणि बोल्ट आपोआप सैल होतात. हब आणि लाकूड यांच्यामध्ये काळे, जळाल्यासारखे डाग दिसले तर प्रॉप हबवर सरकतोय. तो प्रॉप तज्ज्ञाने तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका.

काउलिंगही बघा. इंजिन आणि काउलिंग यांच्यात जिथे फट कमी वाटते तिथे मातीकामाच्या मऊ मातीचे गोळे चिकटवा, इंजिन चालवून बंद करा आणि गोळे किती दबलेत ते बघा.

धागाकर्ता

सगळं करून आलो.

ट्रॅकमध्ये ५ मिमीचा फरक निघाला. डायल इंडिकेटर लावून फ्लँज (प्रॉप ज्यावर टेकतो ती चकती) पाहिली, ०.०५ मिमी, म्हणजे फ्लँज सरळ आहे. सहापैकी दोन बोल्ट टॉर्क पान्याला बऱ्याच आधी फिरले. प्रॉप उतरवला, लाकूड स्वच्छ आहे, काळे डाग नाहीत, भोकं गोल आहेत. परत बसवून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत पूर्ण टॉर्कला आणले. ट्रॅक आता १ मिमी.

एक्झॉस्टच्या उजव्या नळीपाशी ठेवलेला गोळा कागदासारखा चपटा झाला होता. तिथे काउलिंगच्या ओठावर अंगठ्याएवढा चकाकणारा घासलेला पट्टा आहे आणि त्याच्याखाली करडी पूड. तो ओठ १५ मिमी कापला.

२९०० ला आता ०.३०. पॅनलचे काटे २०५० ला वाचता येतात. पण ०.३० तरी का?

प्रतिसाद ४

आता इंजिन की प्रॉप हे ठरवा. परावर्तक पट्टी प्रॉपवर असेल तर काढून हबवर लावा. यंत्र हादऱ्याचा जो कोन दाखवतं तो लिहून ठेवा. मग प्रॉप हबवर १८० अंश फिरवून बसवा, त्याच टॉर्कला, ट्रॅक पुन्हा तपासून. पुन्हा चालवा. कोनही १८० अंश फिरला तर दोष प्रॉपमध्ये. कोन जागेवर राहिला तर हब किंवा क्रँक, आणि तेव्हाच इंजिन उघडायची चर्चा. उघडलंत तर रॉड दोन्ही टोकांनी, पिस्टन, आणि क्रँक हबसकट एकत्र जुळवून घ्या, जोडणीच्या खुणा करून.

धागाकर्ता

कोन फिरला! म्हणजे प्रॉप. इंजिन उघडावं लागणार नाही हे वाचून कुणालाही बरं वाटेल. प्रॉप मूळ जागी परत बसवला: ०.३०, कोन ४०. मग स्पिनरच्या मागच्या प्लेटवर १० ग्रॅम लावून चालवलं: ०.३०, कोन १००. आकडा बदललाच नाही, मग वजनाचा परिणाम झाला की नाही?

प्रतिसाद ४

पुरेपूर झाला. कागदावर ०.३० लांबीचे दोन बाण काढा, एक ४० अंशावर, एक १०० वर. पहिल्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढा. समभुज त्रिकोण होतो, म्हणजे १० ग्रॅमने बरोबर ०.३० चा परिणाम केला, फक्त १६० अंशाच्या दिशेने. तुम्हाला तो हवाय ४० च्या उलट, २२० अंशावर. म्हणून वजन तेवढंच ठेवा आणि ६० अंश सरकवा, कोन वाढतो त्या दिशेने.

ती दिशा यंत्रागणिक वेगळी असते, त्यामुळे एकदा सरकवून चालवून पाहा. शून्याकडे गेलं तर बरोबर. ०.५२ च्या आसपास दिसलं तर उलट बाजूला सरकलंय, दुसरीकडे ६० अंश न्या. नेमक्या कोनावर भोक नसेल तर दोन शेजारच्या भोकांत वजन वाटून लावा. कायमचं वजन प्लेटच्या आतल्या बाजूला, बोल्ट आणि लॉकनटने. स्पिनरच्या बाहेर काहीही नको.

धागाकर्ता

०.०५. पहिल्याच दिशेला जमलं. बॅटरीचा ट्रे बनतोय, तो बसला की पुन्हा तीन काट्यांवर तोलतो आणि नवे आकडे इथे टाकतो. प्रॉपचे बोल्ट पुन्हा कधी बघू?

प्रतिसाद ४

पहिल्या तासानंतर, मग २५ तासांनी, आणि हवामान कोरड्याचं दमट किंवा दमटचं कोरडं झालं की प्रत्येक वेळी. आवळल्यानंतर ट्रॅक पुन्हा पाहायचा. नवे आकडे टाकाल तेव्हा ६० आणि ९५ किलो दोन्ही चालकांचे टाका.