‘घट्ट फीड’ म्हणावं का?

प्रश्न: नळीने आहार घेणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठी माहितीपत्रक लिहितो आहे. साध्या फीडमध्ये दर मिलिलिटरला १ किलोकॅलरी असते, दुसऱ्या प्रकारात १.५ किंवा २. या दुसऱ्याला वॉर्डात सर्रास ‘घट्ट फीड’ म्हणतात. तेच छापावं की ‘ऊर्जाघन’? आणि पेप्टाइडच्या फीडला ‘पचायला हलकं’ चालेल का?

आहारतज्ज्ञाचा प्रतिसाद: ‘घट्ट’ कृपया छापू नका. घरी गेल्यावर त्याचा अर्थ स्वयंपाकघरातला लागतो. पाणी कमी घालायचं, पावडर दोन चमचे वाढवायची, झालं घट्ट. असं फीड राइल्स ट्यूबमध्ये, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीत, अडकतं, आणि रुग्णाच्या पोटात पाणीही कमी जातं. तयार मिळणारं १.५ चं फीड तसं बनत नाही. त्यात तेल, माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेला पदार्थ) आणि प्रथिनं ठरलेल्या प्रमाणात वाढवलेली असतात आणि तरी ते नळीतून सरळ उतरतं.

खरा फरक पाण्याचा आहे, आणि तो कुठल्याच शब्दात दिसत नाही. समजा रुग्णाला दिवसाला १५०० किलोकॅलरी हव्यात. साधं फीड १५०० मिलि लागेल. त्यातलं साधारण ८४ टक्के पाणी, म्हणजे सुमारे साडेबाराशे मिलि. दीडचं फीड १००० मिलिच पुरेल, पण त्यात पाणी पाऊण लिटरच्या आसपास. दोनचं घेतलं तर ७५० मिलि फीड आणि पाणी अर्ध्या लिटरच्या थोडंसं वर. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांच्या पाण्यावर बंधन आहे, त्यांना हे सोयीचं. बाकीच्यांना वरचं पाणी नळीतून वेगळं द्यावं लागतं, आणि ते किती हे पत्रकात रिकाम्या जागेत लिहून मिळायला हवं.

‘ऊर्जाघन’ नेमका शब्द आहे, पण वाचणारा अडखळेल. ‘जास्त उष्मांकाचं फीड’ लिहा आणि शेजारी आकडा द्याच.

‘पचायला हलकं’ म्हटलं की आपल्याला मऊ भात आठवतो, आणि मग प्रत्येकाला वाटतं की आपल्या माणसालाही तेच द्यावं. साध्या फीडमध्ये दुधातलं केसीन किंवा सोयाचं प्रथिन अख्खं असतं. पेप्टाइडच्या फीडमध्ये त्याचे विकरांनी छोटे तुकडे केलेले असतात, आणि स्निग्धांशाचा काही भाग सहज शोषला जाणारा, मध्यम लांबीच्या साखळ्यांचा असतो. ज्यांचं आतडं नीट शोषून घेत नाही त्यांच्यासाठी ते आहे. ‘प्रथिनांचे तुकडे केलेलं फीड’ असं सरळ लिहा.

एका परिचारिकेचा प्रतिसाद: ‘उष्मांक’ऐवजी ‘कॅलरी’च ठेवा, नातेवाईक तेच बोलतात. साध्या फीडला ‘पातळ’ही म्हणू नका. आजींना नुसतं पाणीच देताय का, असं विचारतात आणि घरी गेल्यावर त्यात अंडं, दूध, वरणाचं पाणी घालतात. वरणाचं वरचं पाणी म्हणजे ताकद, ही समजूत फार घट्ट आहे. प्रथिनं खाली डाळीत राहतात, नळीतून जातं ते बहुतेक पाणी, मीठ आणि हळद.

आहारतज्ज्ञ: अगदी खरं. आणखी दोन शब्द जपून वापरा. डब्यावरचं ‘साखर नाही’ म्हणजे नेहमीची साखर नाही. माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टाचे तुकडे. चवीला फारसे गोड नाहीत, पण रक्तातली साखर भराभर वाढवतात. मधुमेही रुग्णाच्या मुलाला हे कळायलाच हवं. दुसरा शब्द ‘संपूर्ण आहार’. जीवनसत्त्वं आणि खनिजं पूर्ण मिळतात ती कंपनीने सांगितलेलं दिवसाचं प्रमाण पोटात गेलं तर; पुष्कळ फीडमध्ये ते १००० ते १५०० मिलि असतं. उलट्यांमुळे ६०० मिलिच गेलं, तर डबा संपूर्ण आणि रुग्ण अर्धपोटी.

प्रश्नकर्ता: मग मजकूर असा करतो: ‘जास्त कॅलरीचं फीड (दर मिलिलिटरला १.५ किलोकॅलरी). पावडर आणि पाणी डब्यावर दिलेल्या मापानेच घ्यावं. याशिवाय नळीतून दिवसभरात ____ मिलि पाणी द्यावं.’

परिचारिका: ‘प्रत्येक फीडनंतर नळी पाण्याने धुवावी’ हे त्याच ओळीत घाला. खाली वेगळं छापलं की वाचत नाहीत. आणि ते पाणी दिवसाच्या पाण्यात मोजायचं, हेही लिहा.